एकोणचाळीस ठोके

देवळाचे पत्रे बदलायला काढलेत, म्हणून घंटा खाली उतरवून ठेवली आहे. वेदीच्या डाव्या बाजूला, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर, जरा कललेली. इतकी वर्षं डोक्यावर असलेली वस्तू गुडघ्याशी आली की बिचारी दिसते. मला वाटलं होतं त्याहून ती बरीच लहान निघाली, लग्नातल्या वरणाच्या गंजाएवढी. बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणतंय, आणि मी तिच्यावर तळहात ठेवला तर ती गार. विहिरीच्या तळच्या दगडासारखी गार. हात काढून घ्यावा असं वाटलं, पण काढवेना.

"ताई, बाजूले सरा थोडं," वरून मिस्त्री ओरडला. "वरून कचरा पडून राह्यला. अन् त्या घंटीपाशी नोका बसू. सकाळी खाली सोडली तवा आमी चौघं होतो, पन एक जन बोलला नाई. जऊळक्यात माह्या आज्यानं बी हिचे ठोके मोजले हायेत."

जऊळका इथून पायी पाऊण तासावर. तिथं स्टेशन आहे, बाजार आहे, माणसांची वर्दळ आहे. आमची वस्ती मात्र माळाच्या टोकाला एकटी. कुठल्याशा जुन्या दुष्काळात आईबाप गमावलेली पोरं गोऱ्या मिशनऱ्यांनी इथं आणून वाढवली, त्यांची लग्नं लावली, त्यांना विहीर आणि देऊळ बांधून दिलं आणि एक दिवस ते आपल्या देशी निघून गेले. मागे उरलो आम्ही. आम्ही देऊळच म्हणतो, चर्च म्हणायची सवय शहरात गेल्यावर लागते. माझ्या लहानपणी बावीस घरं होती. आता नऊ आहेत, आणि त्यांतल्या दोनतीन घरांच्या दारांना कुलपं.

ही घंटा दोन तऱ्हांनी वाजायची. उपासनेला वाजायची तेव्हा घाईघाईने, पोरांना आंघोळीवरून ओढून आणल्यासारखी. आणि कुणी गेलं की वयाच्या प्रत्येक वर्षाला एक ठोका. दोन ठोक्यांच्या मध्ये एक पूर्ण श्वास. पहिला ठोका पडला की वस्ती होती तिथे थांबायची. बायकांचे हात पिठातच राहायचे, पऱ्हाटीत कापूस वेचणारी माणसं कमरेत वाकलेली तशीच थांबायची, आणि सगळे मोजायला लागायचे. आकडा साठाच्या पुढे गेला की बायका श्वास सोडून म्हणायच्या, "सुटली बिचारी." चाळिशीच्या आत थांबला की कुणी काहीच म्हणायचं नाही. मी अंक शाळेत शिकले नाही. मी ते त्या ठोक्यांवर शिकले.

ठोके द्यायचे दाविदआजा. त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, आणि बोलताना ते त्याच डोळ्यानं आपल्याकडे पाहतात असं वाटायचं. देवळाच्या मागच्या खोलीत अंबाडीचा जाड दोर लोंबायचा. तिथला वास अजून तसाच आहे: वटवाघळांची विष्ठा, विझलेली मेणबत्ती, ओला चुना. दाविदआजा रोज सकाळी तो दोर नुसता हातात धरून पाहायचे. कधी म्हणायचे, "आज दोर जड हाय." मग त्या दिवशी आया पोरांना विहिरीकडे फिरकू देत नसत, आणि म्हातारी माणसं उगाच एकमेकांना भेटून येत. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, चिडायचे. हे आपलं शिक्षण नाही, म्हणायचे. पण दोर जड झाला की त्यांच्याही घरात मोठा दिवा लागायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते, कारण ही घंटा म्हणजे माझे वडीलच.

बाबा रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. वस्तीत पहिली जीप त्यांची, पहिली रंगीत फरशी त्यांची, पहिला माडीचा जिनाही त्यांचाच, जो चढून गेलं की वर माडी नव्हती, नुसतं आभाळ होतं, कारण बांधायला वेळ मिळाला नव्हता. महिन्यातून दोन दिवस घरी यायचे आणि त्यातला दीड दिवस झोपायचे. अंगाला डिझेलचा आणि अत्तराचा मिळून एक वास असायचा. मला तो फार आवडायचा. आई म्हणायची, "आता पुरे करा ना, अजून काय पायजे?" आणि ते म्हणायचे, "हे एक काम होऊ दे." ते एक काम झालं की दुसरं एक काम उभं असायचंच. देवळात ते फक्त नाताळाला यायचे, आणि तेही काळा चष्मा लावून दाराशीच उभे राहायचे. धाकट्या बेन्याला, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या भावाला, वाटायचं की देवळाला असा एक चष्मेवाला रखवालदार असतोच.

भाद्रपदात पैनगंगेला पूर आला आणि बाबांची जीप रिठदच्या पलीकडे कुठे तरी पुलावरून वाहून गेली. जीप सापडली, बाबांची बॅग सापडली, बाबा नाही. चौथ्या दिवशी पोलीस सांगून गेला की पाण्याला ओढ फार आहे, आता वाट पाहू नका.

त्या दुपारी आमच्या अंगणात बसलेली माणसं मला दिसतात. पाळकसाहेब म्हणत होते, "देह मिळेपर्यंत थांबू." दाविदआजा जमिनीकडे बघत म्हणाले, "बिनघंटेचा मानूस वाटंतच अडकते, साहेब. पान्यात गेला, त्याले रस्ता कोन दाखवीन?" सगळे आईकडे पाहायला लागले. आईने हातातल्या बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "वाजवा."

आम्ही देवळाच्या ओट्यावर बसलो. बेन्या आईच्या मांडीवर झोपून गेला. ठोके सुरू झाले. मी दहा वर्षांची होते आणि आपला बाप मोजत होते. विशीपर्यंत मला रडू आलं नाही, कारण चुकू नये याचीच धास्ती होती. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. मग ठोका पडला नाही, आणि ती न पडलेल्या ठोक्याची शांतता इतकी मोठी होती की गोठ्यातल्या गाईनंही रवंथ थांबवलं.

पाळकसाहेब गीत सुरू करणार तेवढ्यात फाटकापाशी एक कुत्रं कण्हल्यासारखं रडायला लागलं. तुरीच्या वाटेनं एक माणूस येऊन फाटकाशी थांबला होता. हिरव्या चौकड्यांची लुंगी, दुसऱ्याच कुणाचा तरी ढगळ कुर्ता, पायात काही नाही. दाढी वाढलेली. तो आत आला नाही. तिथूनच त्यानं विचारलं,

"कोन गेलं?"

आवाज बाबांचा होता.

"तुरीच्या वाटेले लागलो तवापासून मोजून राह्यलो," बाबा म्हणाले. "एकोनचाळीस झाले. आपल्यात एकोनचाळिशीचं कोन हाय?"

मार्थाकाकू, म्हणजे आमची शेजारीण, तोंडात पदर कोंबून मागे सरकत गेली आणि खांबावर आपटली. आई उठली. मला वाटलं ती धावेल. ती धावली नाही, तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पावलं सरळ आहेत की उलटी, ते पाहिलं. शेवटी पाळकसाहेब पुढे झाले आणि त्यांनी बाबांचा हात धरला, तेव्हा कुठे कळलं की धरता येतो. नदीपलीकडच्या एका मुसलमान शेतकऱ्यानं त्यांना झुडपातून ओढून काढलं होतं, तीन दिवस तापात सांभाळलं होतं आणि आपले कपडे घालून जऊळक्याच्या गाडीत बसवून दिलं होतं. इतकी साधी गोष्ट. तरी लोक हसले नाहीत.

दाविदआजा दोर हातात धरूनच मागच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, वाजलेली घंटा रिकामी जात नाई."

ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. त्याचा अर्थ वस्तीत सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. घंटेनं एक माणूस मागितला, तो मिळाला नाही, तर ती तो घेतल्यावाचून राहणार नाही. एक तर बाबांना, नाही तर त्यांच्या जागी आणखी कुणाला. कुणी साधं खोकललं तरी लोक आमच्या घराकडे पाहायचे. मार्थाकाकूची पोरं आमच्या अंगणात खेळायची बंद झाली.

बाबांनी जीप आणायला माणूस पाठवला नाही. कामाची माणसं दारात आली की ते म्हणायचे, "दुसरा पाहा." ते घरात वावरायचे पण त्यांच्या पावलांचा आवाज होत नसे. उंबऱ्याशी येऊन थांबायचे. कुणी "या" म्हटल्यावाचून आत पाय ठेवायचे नाहीत, स्वतःच्याच घरात. संध्याकाळी ओट्यावर बसायचे ते अंधार पडेपर्यंत हलायचे नाहीत, आणि त्यांच्या अंगाला आता कशाचाच वास येत नव्हता. एकदा ते दुपारी झोपले असताना मी आईचा छोटा आरसा त्यांच्या नाकाशी धरला. आरशावर वाफ आली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते वेगळंच. वाटलं, मेलेली माणसं आरशाला फसवत असतील.

आई एकदा चुलीशी बसून विहिरीवरच्या ओळखीच्या एका बाईला सांगत होती, "माहा नवरा पुरात गेला, बाई. हा आला तो कोनी दुसराच हाय. बोलते मवाळ, मांगत काई नाई. जिवंत मानूस असा राह्यते का?"

भ्यायला नाही तो फक्त बेन्या. त्याला चष्मेवाल्या रखवालदारापेक्षा हा बाप बराच सोयीचा वाटला असावा. तो त्यांच्या खांद्यावर बसायचा, त्यांच्या कानांत बोटं घालून त्यांना डावीउजवीकडे वळवायचा. त्या नाताळाला आम्ही बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद लावून चांदणी केली. खळ उकळल्याचा वास, अनारशांचा वास, आणि बाहेर तुरीच्या शेंगा उकडत ठेवलेल्या. चांदणीत दिवा लावला तेव्हा सगळ्या भिंतीवर तांबडा उजेड पडला आणि त्यात बाबा आणि बेन्या एकाच सावलीचे झाले. मला ते आवडलं नाही. मी दिवा सरकवला.

जानेवारीत बेन्याला ताप आला. तीन दिवस. वाशिमच्या डॉक्टरकडे नेलं, औषध दिलं, परत आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात सगळे जागे असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो गेला.

दाविदआजांच्या हातून दोर ओढवेना. ते रडत नव्हते, पण त्यांचे हात वर जात नव्हते. बाबांनी त्यांच्या हातातून दोर घेतला आणि स्वतःच्या मुलाचे ठोके दिले. चार. माझी मोजायला सुरुवात होते न होते तोच संपले. पलीकडच्या शेतातल्या माणसांना वाटलं, दोर तुटला. ती पाचव्या ठोक्याची वाट पाहत थांबून राहिली, असं नंतर कळलं.

बाबा रडले नाहीत. तेवढ्यात माझ्या मागे कुणी तरी बाई कुणाला तरी हळूच म्हणाली, "सुटला शामू." शामू म्हणजे माझे बाबा, शामुवेल. त्या दोन शब्दांत सगळा हिशेब उरकला होता. घंटेला तिचा माणूस मिळाला होता. संध्याकाळी मार्थाकाकूनं खीर पाठवली. दुसऱ्या दिवसापासून तिची पोरं आमच्या अंगणात आली. सगळी वस्ती आमच्याशी गोड बोलायला लागली, आणि मी त्या गोडव्यानं आतून नासत गेले.

आणि मग माझ्या डोळ्यांसमोर ती गोष्ट घडली जिच्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत बाबा सुखी झाले. खरोखर सुखी. दाविदआजांनी दोर सोडला होता, तो बाबांनी घेतला. ते देऊळ झाडायचे, विहिरीवर गुणगुणायचे, उंबरा ओलांडून सरळ आत यायचे आणि आईला म्हणायचे, "भाकर दे व, भूक लागली." वासही आला अंगाला, घामाचा आणि अंबाडीच्या दोराचा. पुढे पुढे आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी यायची. कुणी मरणाला टेकलं की लोक म्हणायचे, घंटेवाल्याले बोलवा. जऊळक्याच्या हमीद टेलरच्या वडिलांपाशी ते दोन दिवस बसले होते, बौद्धपुऱ्यातल्या गुरुजींच्या आईपाशीही. मरणाऱ्याचे पाय हातात धरून ते नुसते बसायचे, आणि माणूस शांत व्हायचा म्हणे. लोक त्यांचे गुण गायचे. मी मनात म्हणायची, का नाही बसणार शांत? स्वतःच्या जागी पोरगा पाठवलाय ना.

मी सतराव्या वर्षी वस्ती सोडली. प्रभूशी माझं भांडण नव्हतं, तसं मी म्हणत असे. फक्त उपासनेला जायला वेळ नव्हता. पुण्यात नोकरी, मग वरची नोकरी, मग त्याच्या वरची. फ्लॅट घेतला, मग त्याच्याहून मोठा घेतला. लग्न केलं, ते बारा वर्षं टिकलं. हे एक काम होऊ दे, असं मी नवऱ्याला म्हणायची, आणि ते वाक्य कुणाचं आहे हे मला आठवायचंच नाही. आई गेली तेव्हा दोन दिवस आले आणि फोन कानाला लावूनच परत गेले. गेली काही वर्षं गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाही. डोळा लागतो न लागतो तोच कुठे तरी लांब ठोके पडायला लागतात, आणि मी मोजायला लागते. त्यात कधी चार येत नाहीत. चारच्या पुढे जातात आणि थांबतच नाहीत.

मागच्या वर्षी याच दिवसांत नव्या तरुण पाळकांचा फोन आला, या म्हणाले. बाबा निंबाखाली बाजेवर पडून होते. पंचाहत्तर वर्षांचे, वाळून काटकुळे झालेले, आणि डोळे पोरासारखे स्वच्छ. मी पायाशी बसले. दुपार अशी निपचित होती की निंबाचं पानही पडत नव्हतं. त्यांची ती शांती माझ्या अंगावर यायला लागली. मला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर हा माणूस ती घेऊन निघून जाईल आणि मी मेल्यावरही मोजत राहीन.

"बाबा," मी म्हटलं, "एक सांगा. बेन्या तुमच्या जागी गेला, हे तुमाले ठाव होतं ना? मंग तुमी सुखानं कसे राह्यले?"

कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून वऱ्हाडी आली. ते दचकले नाहीत.

"जवळ सरक," ते म्हणाले. "तू हे इचारशील म्हून मी वाट पाहून राह्यलो. मले वाटलं, तू येतेस का नाई." मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "घंटा वाजली त्या दिसापासून बेन्या जाईपर्यंत तुले मी शांत दिसत होतो ना?"

"हो."

"ते भेव होतं, माय. भ्यालेला ससा हालत नाई, तसं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी म्हनो, आज. आज नेईन. उंबऱ्यात थांबो, कारन वाटे, मी आत गेलो त माह्या मांगं मरन बी आत येईन. अन् बेन्या गेला तवा मले वाटलं, म्याच खाल्ला त्याले. ज्या हातानं दोर ओढला त्याच हातानं फास घ्यावा वाटलं."

मी बाजेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळायला लागले.

"मंग उत्तम शुक्रवार आला," ते म्हणाले. "त्या दिशी तीन वाजता, प्रभू क्रुसावर गेला त्या येळेले, देवळात तेहतीस ठोके देतेत. प्रभूच्या वयाचे. दाविदआजानं हात टेकले होते, म्हून दोर माह्या हाती. माह्यावाल्या जिभेले प्रार्थना येत नोती. मी नुसता ओढत गेलो अन् मोजत गेलो. तेहतीस झाले, हात थांबला. अन् मले एकदम उमजलं. ही घंटा त माह्या घंटीच्या लय आधी वाजली हाय. घंटेले मानूस पायजे होता ना? माह्या जागी जानारा अगोदरच गेला होता, पोरी. जाऊन आला बी होता. मंग आता तिले कोन पायजे?"

"अन् बेन्या?"

"बेन्या कोनाच्याच जागी नाई गेला. मानसाचं लेकरू कोनाच्या बदल्यात जात नसते. देव तसा नाई. बेन्याले ताप आला, अन् बेन्या गेला. माहा बेन्या. त्या दिशी दोराच्या खोलीत मी त्याच्यासाठी पयल्यांदा रडलो, दार लावून. तोवर मी सोतासाठीच भेत होतो, रडाले जागाच नोती. त्याच्यानंतर मले काई पायजेच नाई वाटलं. मेल्यासारखं नाई. जेवल्यासारखं."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू लहान होती, अन् डोळ्यानं मले हानत होती. मंग तू मोठी झाली अन् गेली." ते हसले. "सांगून कोनाचं भेव जाते का? तुले इचारावं वाटे तोवर थांबावं लागे."

तीन दिवसांनी, भर दुपारी, माझा हात धरून ते गेले. श्वास थांबला तेव्हा मला वाटलं, आणखी एक येईल. आला नाही.

आत्ता वरून मिस्त्री विचारतोय, "ताई, पत्रे झाले का घंटी पुन्हा टांगाची ना?" मी म्हटलं, टांगा की, रविवारी उपासनेला लोकांना कळायला नको? मयताला वाजवायची का नाही ते पंच ठरवतील. मागच्या वर्षी ते ठरवायची पाळी माझ्यावर आली होती.

बाबांना ओट्यावर ठेवलं होतं आणि पंचांत वाद पेटला होता. एक जण म्हणाले, "शामूची घंटा एकदा वाजून गेली. दुसऱ्यांदा वाजवली त दोन मानसं मांगन." दुसरे म्हणाले, "नाई वाजवली त तो वाटंत अडकन." ऐंशीला टेकलेली मार्थाकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्या पाह्यलं हाय, बाप्पा. मी एकटी नाई घरी थांबत आज." हसावं असं त्यात काही नव्हतं. त्या माणसांचे चेहरे खरंच पांढरे पडले होते, आणि खरं सांगायचं तर मीही वळून फाटकाकडे पाहिलं. छत्तीस वर्षांपूर्वीची ती दुपार फाटकाबाहेर येऊन उभी राहिली होती, आत बोलावण्याची वाट पाहत.

तरुण पाळक माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा."

आईकडेही असेच सगळे पाहायला लागले होते. मला तिची फार दया आली.

"वाजवू नका," मी म्हटलं. "त्यांची घंटा वाजून झाली आहे. त्यांच्याही आधी वाजून झाली आहे."

वस्तीच्या आठवणीतली ती पहिली बिनघंटेची मयत. आम्ही चालायला लागलो. शांतता इतकी होती की खांदेकऱ्यांच्या चपला ऐकू येत होत्या, जऊळक्याकडून गाडीची शिटी ऐकू आली, माळावर एक टिटवी ओरडली. लोक सवयीनं ठोक्याची वाट पाहत होते. मीही पाहत होते. मग कधी तरी, पळसाच्या झाडाशी, मी वाट पाहायची थांबले. मार्थाकाकू काठी टेकत माझ्या शेजारी आली होती, घरी थांबली नव्हतीच. माझा दंड धरून तिनं कुजबुजत विचारलं, "भेव नाई वाटत व तुले?"

"नाही, काकू," मी म्हटलं. म्हणाल्यावर मला कळलं की ते खरं आहे.

माती टाकून झाली, प्रार्थना झाली, माणसं पांगली. मी मागे राहिले. बाबांच्या कबरेपासून दोन रांगा सोडून एक लहान कबर आहे, चुना दिलेली, माझ्या हातभर लांबीची वाटावी इतकी लहान. तिथे मी एवढ्या वर्षांत एकदाही बसले नव्हते. लांबून पाहायची आणि बाबांवर दात खायची, बस. त्या दिवशी बसले. चुना उन्हानं तापला होता. आणि एकाएकी मला आठवलं की त्याच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण त्याला कधीच लावता यायचं नाही. तो हनुवटी वर करून माझ्यापुढे उभा राहायचा, डोळे मिटून, आणि मी बटण लावेपर्यंत श्वास रोखून धरायचा. इतकी साधी गोष्ट मी पस्तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. बेन्या म्हटलं की मला फक्त कुणी तरी कुणासाठी दिलेला एक मुलगा आठवायचा.

मी त्या गरम चुन्यावर डोकं टेकलं आणि रडले. बेन्यासाठी. नुसत्या बेन्यासाठी.